शेक्सपिअरच्या लग्नाची नोंद



आपल्या पूर्वजांचा शोध घ्यायचा, तर चर्चच्या जुन्या नोंदवह्यांना पर्याय नाही. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये सर्व कॅथलिक धर्मग्रामांना घालून दिला. इंग्लंडमध्ये अशा वह्या राजाच्या हुकुमाने १५३८ पासूनच सुरू झाल्या होत्या. या वह्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे विल्यम शेक्सपिअर या थोर नाटककाराच्या चरित्रावरून चांगले कळते. त्याने लिहिलेले एकही खाजगी पत्र उरलेले नाही. त्याच्या संसाराची माहिती मिळते ती बहुतांशी अशा कोरड्या नोंदींतूनच.

स्ट्रॅटफर्ड गावच्या पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. जन्मतारीख कुठेच नोंदलेली नाही. मूळ वहीही आज नाही. आहे ती १६०० च्या सुमारास चर्मपत्रावर उतरवलेली नक्कल. त्याच वहीत दिसते की, त्याच्या आधी जन्मलेली बहीण मार्गारेट पाच महिन्यांची होऊन वारली होती. त्याच उन्हाळ्यात गावात प्लेग आला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. हे बाळ मात्र वाचले.

आता लग्नाकडे येऊ. विवाहाची प्रत्यक्ष नोंद सापडलेली नाही. सापडतात ती वूस्टरच्या बिशपांच्या कचेरीतील दोन कागदपत्रे. २७ नोव्हेंबर १५८२ च्या परवान्याच्या नोंदीत वधूचे नाव ॲन व्हेटली आणि गाव टेंपल ग्राफ्टन असे आहे. दुसऱ्याच दिवशीच्या हमीपत्रात ते ॲन हॅथवे, गाव स्ट्रॅटफर्ड असे आहे. एवढ्यावरून काहींनी त्याच्या आयुष्यात दुसरी तरुणी उभी केली! बहुतेक अभ्यासकांच्या मते ही लेखनिकाची चूक होय. त्याच दिवशी व्हेटली नावाच्या माणसाचे एक प्रकरण कचेरीत चालले होते.

परवान्याची घाई का? लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीनदा करावी लागे. २ डिसेंबरला आगमनकाळ सुरू होणार होता आणि मग १३ जानेवारीपर्यंत घोषणा बंद. म्हणून एकाच घोषणेवर लग्न लावण्याची परवानगी घेतली गेली. वधूच्या ओळखीच्या दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांची हमी दिली. वर १८ वर्षांचा, वधू सुमारे २६ वर्षांची. थोरली मुलगी सुझॅना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ रोजी झाला. हिशेब कोणीही करू शकतो आणि लोक चारशे वर्षे तो करत आले आहेत.

२ फेब्रुवारी १५८५ रोजी हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ ऑगस्ट १५९६ रोजी अकरा वर्षांच्या हॅम्नेटचे दफन झाल्याची नोंद आहे. तो कशाने गेला, आईबापांनी ते दुःख कसे सोसले, याबद्दल वहीत एक अक्षरही नाही.

फेब्रुवारी १६१६ मध्ये ज्युडिथचे लग्न झाले, तेही निषिद्ध काळात. बापाने जो परवाना वेळेत मिळवला होता, तसा लेकीच्या लग्नाला घेतलाच नाही. जावयाला चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. २५ मार्चला शेक्सपिअरने मृत्युपत्र बदलले आणि २५ एप्रिलला त्याचे दफन झाले. मृत्युपत्रात पत्नीला दुय्यम प्रतीचा पलंग ठेवला आहे. त्या एका ओळीवरून नवराबायकोचे पटत नव्हते असे अनेकांनी ठरवून टाकले. पण त्या काळी चांगला पलंग पाहुण्यांसाठी राखत आणि दुसरा नवराबायकोचा असे, असेही अभ्यासक सांगतात. ॲन १६२३ मध्ये वारली. तिला पतीच्या शेजारीच पुरले आहे. १६७० मध्ये नात एलिझाबेथ वारली आणि त्याचा वंश संपला.

नोंद ही घटना सांगते. तिचा अर्थ सांगत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या नोंदी पाहतानाही हे ध्यानात असू द्या. नावांचे स्पेलिंग बदललेले असेल, म्हणून एका कागदावर थांबू नका. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्ही नोंदी ताडून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून अंदाजे साल आधी काढून ठेवा. आणि लग्न व पहिले मूल यांच्या तारखांत अंतर कमी दिसले, तर त्यावरून त्यांच्या संसाराचा निवाडा करू नका. दोन तारखांच्या मध्ये त्यांनी काय सोसले, एकमेकांना कसे सांभाळले, हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. ते ज्यांना आठवते अशी माणसे घरात असतील, तर आधी त्यांच्याजवळ बसा. वह्या थांबतील.

– तुमचे फादर