संशय कशानं कापायचा? रमाबाई आणि माधवराव रानडे



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३९ ते ४२.

श्रद्धावंताला ज्ञान मिळतं आणि संशयी माणसाला कुठेच सुख नसतं, असं भगवान इथे सांगतात. शेवटी अर्जुनाला आज्ञा होते, की हा संशय ज्ञानाच्या शस्त्रानं काप आणि ऊठ. माउली तर संशयाला सर्वांत घोर पाप म्हणतात.

हे श्लोक मी आजवर देवावरच्या श्रद्धेबद्दलचे म्हणून वाचत आलो. पण संशय फक्त देवाबद्दल असतो का? एकाच घरात राहणाऱ्या दोन माणसांमध्येही तो असतोच की. म्हणून आज आपल्या पुण्यातल्या एका जोडप्याचं चरित्र सांगतो.

साल १८७३. न्यायमूर्ती रानडे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते माधवराव तेव्हा पुण्यात न्यायाधीश होते. वय ३१. प्रार्थना समाजाचे, विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. त्या वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. आता हा मुलगा एखाद्या विधवेशी लग्न करणार, अशी धास्ती वडिलांना, गोविंदरावांना वाटली. त्यांनी घाईघाईनं स्थळ शोधलं. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी, यमुना. वय ११. तिला अक्षरओळखही नव्हती.

माधवरावांनी नको म्हणून पाहिलं. मुलीच्या वडिलांनाही सांगून पाहिलं, की मी सुधारक आहे, माझे डोळे-कान अधू आहेत, मला विलायतेला जायचंय आणि आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही. उपयोग झाला नाही. ऐकलं नाहीस तर आपला संबंध संपला, असं वडिलांनी बजावलं आणि माधवराव नमले.

इथे थांबू या. याला लगेच गोड प्रेमकथा करून टाकायचा मोह होतो, पण तसं करू नये. ११ वर्षांच्या मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि जो माणूस व्यासपीठावरून विधवांची बाजू मांडत होता, त्यानं स्वतःवर वेळ आल्यावर कुमारिकेशी लग्न केलं. लोकांनी त्यांना नावं ठेवली आणि ती नावं ठेवण्यासारखीच गोष्ट होती. नात्याची सुरुवातच अशी. त्याच्या मनात वडिलांनी लादल्याची सल, आणि तिला तर हा माणूस कोण हेच धड ठाऊक नाही.

मग माधवरावांनी काय केलं? लग्न होऊन मुलीचे वडील गेल्यावर त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, की तुझं लग्न कुणाशी झालंय ते तुला माहीत आहे का, माझं नाव काय? तिनं ऐकलेलं नाव सांगितलं. मग तिच्या माहेरची चौकशी केली, लिहिता-वाचता येतं का ते विचारलं. येत नाही म्हटल्यावर पाटी-पेन्सिल आली आणि श्रीगणेशा झाला. यमुनेची रमा झाली होती.

मला या प्रसंगात गीतेतलं शस्त्र दिसतं. इथे ज्ञान म्हणजे आधी ओळख. आणि ज्याच्या हातात जास्त आहे, म्हणजे वय, पैसा, शिक्षण, त्यानंच आधी विचारायचं असतं. दुबळ्यानं आधी विश्वास ठेवावा, ही अपेक्षा अन्यायाची.

पुढची वाट सोपी नव्हती. घरातल्या मोठ्या बायकांना सुनेचं शिकणं खपत नव्हतं. इंग्रजी सुरू झाल्यावर तर टोमणे वाढले. माधवराव घरच्यांशी भांडले नाहीत, त्यांनी रमाबाईंनाच सोसायला सांगितलं. हे मला आजही टोचतं. बाहेरच्या जगाशी लढणारा माणूस घरात वाद टाळतो, हे आपल्याही ओळखीचं आहे, नाही का?

दोघांमध्ये गैरसमजही झाले. एकदा देवळात पुराणाच्या वेळी बायकांचे दोन तट पडले, सुधारकांच्या आणि जुन्या वळणाच्या. कुणालाच दुखवायला नको म्हणून रमाबाई दोघींनाही टाळून घरी आल्या. ते ऐकून माधवराव गप्प झाले. रागावले नाहीत, पण बोललेही नाहीत. त्या अबोल्यानं रमाबाई फार व्याकूळ झाल्या.

पुढे पारडं फिरलं. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनचं चहा प्रकरण झालं. मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून पुढाऱ्यांवर ग्रामण्य आलं. १८९२ मध्ये माधवरावांनी मित्रांच्या अडचणीपायी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते पटलं नाही, वाईट वाटलं. १८७३ मध्ये वडिलांपुढे वाकलेला माणूस पुन्हा वाकला होता. पण आता त्याला मनातल्या मनात जाब विचारणारी बायको घरात होती, आणि ती त्यानंच पाटीवर घडवली होती! अधू डोळ्यांच्या नवऱ्याला ती इंग्रजी वाचून दाखवत होती, सभेत बोलत होती. मतभेद होते आणि विश्वासही होता. दोन्ही एकत्र राहू शकतात, हे मला इथे शिकायला मिळालं.

१६ जानेवारी १९०१ ला माधवराव गेले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि रमाबाईंनी उरलेलं आयुष्य तिथे ओतलं. बायकांना शिक्षण आणि परिचारिकेचं काम मिळू लागलं. १९१० मध्ये त्यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक आलं. शीर्षकातला ‘आमच्या’ हा शब्द पाहा. १९२४ मध्ये त्या गेल्या. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला जाल तेव्हा सेवासदनची पाटी नक्की बघा.

आता माझी गोष्ट, कारण ती लपवून हे लिहिणं खोटं होईल. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बायकोचा फोन तिला न विचारता उघडून पाहिला होता. दर महिन्याला तिच्या खात्यातून कुठेतरी पैसे जात होते, म्हणून संशय. निघालं काय? वडिलांच्या औषधांचे पैसे. मला सांगायची तिला भीती वाटत होती. मी दिवसभर कोडमधले बग शोधतो, पण ही भीती कुठून आली ते शोधायचं मला सुचलं नव्हतं. फ्लॅट माझ्या नावावर, पगार माझा जास्त, आणि घरातले निर्णयही मीच घेत होतो. तिनं मला माझ्याबद्दल काही विचारावं, अशी जागाच मी ठेवली नव्हती. त्या रात्री मी आधी फोन पाहिल्याचं कबूल केलं आणि माझ्या कर्जाचे हप्ते, माझ्या खात्यातला आकडा, सगळं तिच्यापुढे ठेवलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पहिला प्रश्न विचारला.

आजची साधना: घरातल्या एका माणसाबद्दल मनात जो संशय आहे, तो आज त्याच्यावर आरोप म्हणून टाकू नका. आधी स्वतःबद्दलची एक गोष्ट त्याला सांगा. मग विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.

राम कृष्ण हरी.