पॉल साबातिए: मिथेनॉलमधला हायड्रोजन ज्यांच्यामुळे ‘उसना’ घेता येतो

निकेल कॅटॅलिस्ट आम्हाला इंजिनिअरिंगला एका ओळीत उरकलं होतं. त्या ओळीमागचे पॉल साबातिए मला खूप नंतर सापडले.

1854 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनला जन्म, पॅरिसमध्ये शिक्षण, आणि 1882 मध्ये तुलूझला गेले ते कायमचेच. 1897 मध्ये त्यांनी आणि सांदरांस नावाच्या पाद्री-केमिस्टने गरम निकेलच्या भुकटीवरून एथिलीन आणि हायड्रोजन सोडले. बाहेर आला इथेन. साध्या, स्वस्त धातूने हायड्रोजन जोडून दाखवला! पुढे एका जर्मन केमिस्टने हीच पद्धत तेलाला लावली, आणि त्यातूनच पुढे आपलं डालडा आलं.

मला मात्र त्यांचा उलटा प्रयोग जास्त आवडतो. अल्कोहोलची वाफ गरम तांब्यावरून नेली की हायड्रोजन सुटतो आणि अल्डिहाइड उरतं. साबातिएंचं म्हणणं असं, की रेणू धातूला तात्पुरता चिकटतो आणि मग सुटतो, म्हणून धातू हायड्रोजन जोडतोही आणि काढतोही. आमच्या भाषेत, अनडू बटण असलेली रिअॅक्शन.

आता मिथेनॉल घ्या. त्यात कार्बन एकच. कॅटॅलिस्टने त्याचा हायड्रोजन काढला की फॉर्मल्डिहाइड होतं, ते अमाइनच्या नायट्रोजनला लगेच धरतं. मग कॅटॅलिस्ट तोच हायड्रोजन परत देतो. नायट्रोजनवर मिथाइल गट बसतो, कचरा म्हणून फक्त पाणी! कितीतरी औषधांत हा गट असतो, आणि तो बसवायला मिथाइल आयोडाइडसारखी विषारी रसायनं वापरली जातात. (मिथेनॉलही विषारीच, पण हाताळायला बरंच सोपं.) आजचे कॅटॅलिस्ट रुथेनियम, इरिडियम, मँगनीजचे आहेत, पण कल्पना तीच.

1912 चं नोबेल साबातिए आणि ग्रीन्यार यांना विभागून मिळालं. सांदरांस यांना काहीच नाही. मला हे पटत नाही.

पॅरिसहून 1907 मध्ये मोठ्या पदांसाठी बोलावणं आलं, साबातिए गेले नाहीत. शेवटी 1913 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने पॅरिसबाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी वेगळ्या जागा केल्या, आणि पहिली निवड त्यांचीच झाली. 1941 मध्ये ते तुलूझमध्येच वारले.

एक अडचण अजून आहे. जगातलं बहुतेक मिथेनॉल आजही नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतं. आइसलँडमध्ये ते भूगर्भातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून बनवणारा प्लांट 2012 मध्ये उभा राहिला, पण असे प्लांट अजून मोजकेच आहेत.