पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

होटगीहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने सोलापूर, कुर्डुवाडी व दौंड ही स्थानके मागे टाकली म्हणजे केडगावचे लहानसे स्थानक लागते. तेथेच पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींची आई म्हणून त्यांचे नाव आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांनाही ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एक भाग आपल्यात क्वचितच सांगितला जातो. तोच आज सांगावा असे मनात आहे. कारण कोणी जत्रेस जाऊन जुन्या दैवतापुढे नारळ फोडून आला, अथवा उपासनेस यावयाचा थांबला, म्हणजे त्याचे नाव यादीतून खोडण्यास आपण जितके तत्पर असतो, तितके त्याच्या दारी जाण्यास नसतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, व सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत पायी फिरत राहिले. त्या फिरतीतच दुष्काळाने गाठले, आणि आईबाप व वडील बहीण ही थोड्याथोड्या अंतराने गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढे बंधू श्रीनिवास वारले, विवाह झाला, आणि १८८२ साली पतीही महामारीने गेले. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आसामातच आली होती. पुण्यात नव्या कराराचा अभ्यास झाला, आणि १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या.

तेथे वाँटेजच्या धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. ह्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील एक घर दाखविले. आडमार्गास लागलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय दिला जाई, आणि ज्या स्वतः तसल्या जीवनातून सुटल्या होत्या, त्या आता इतरांची प्रेमाने सेवा करीत होत्या. रमाबाईंना हे नवल वाटले. ज्या धर्मशास्त्रांचे अध्ययन त्यांनी केले होते, त्यांत पतित स्त्रीकरिता कठोर दंड होता. तिला हात देऊन उठवावे असे कोठे आढळले नव्हते. हे प्रेम कोठून आले, असे त्यांनी एका भगिनीस विचारले. तिने योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीचा वृत्तांत वाचून दाखविला. त्या विहिरीपाशी रमाबाईंची प्रभूशी ओळख झाली असे म्हणावयास हरकत नाही. १८८३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथवरची हकीकत आपण नेहमी सांगतो, आणि येथेच थांबतो. परंतु बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आल्यावर रमाबाईंचे मन स्थिर झाले नाही. त्रैक्याचे तत्त्व त्यांना पटेना. ख्रिस्ताचे देवपण व कुमारीच्या पोटी झालेला जन्म ह्यांविषयी शंका उठू लागल्या. कोणत्याही एका मंडळीच्या अधिकाराखाली आपले मन बांधून घेण्यास त्या कबूल नव्हत्या. क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरूनसुद्धा वाद झाला. लॅटिन चालते तर आमच्या संस्कृताने काय पाप केले, असा त्यांचा रोख होता. (ह्या एका गोष्टीत मी बाईंच्या बाजूचा आहे.) त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन ह्यांना हा सारा गर्व वाटला, त्यांनी कडक पत्रे लिहिली, व रमाबाईंनी तितकीच कडक उत्तरे दिली. पण दोघींचे बोलणे तुटले नाही. रमाबाई पत्रात त्या भगिनीस आजीबाई म्हणत, आणि इतका वाद होऊनही ती आजीबाई आजीबाईच राहिली. मागे हटलेल्याशी बोलणे चालू ठेवणे हे केवढे काम आहे, हे ज्या उपदेशकाने केले असेल त्यालाच कळेल.

१८८९ साली रमाबाई अमेरिकेहून परत आल्या आणि मुंबईस विधवांकरिता शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. नाव झाले, काम वाढले. बाहेरून पाहणाऱ्यास त्या ख्रिस्ती बाईच होत्या. जुन्या देवांकडे त्या गेल्या नव्हत्या. तरी ह्या काळाविषयी त्यांनीच पुढे जी साक्ष लिहिली, तिचा आशय असा की, बाप्तिस्म्यापासून आठ वर्षेपर्यंत ख्रिस्ती धर्म आपणास सापडला होता, परंतु स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे दूर गेलेला मनुष्य जत्रेतच शोधावा लागतो असे नाही. तो पहिल्या बाकावर बसलेला असेल, कदाचित उपदेशपीठावरही उभा असेल.

हे मी उगीच म्हणत नाही. १८९१ च्या सुमारास जे पुस्तक त्यांच्या हाती आले, ते विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाने लिहिलेले आत्मवृत्त होते. हा मनुष्य कित्येक वर्षे पाळकी करीत होता, आणि १८५१ साली कॉर्नवॉल प्रांतात आपल्याच मंडळीपुढे उपदेश करीत असता त्याचेच अंतःकरण पालटले. पाळक सांगत होता दुसऱ्यांना, आणि वचन लागले त्यालाच! हे वाचून रमाबाई थबकल्या. आपली विद्या, आपले वाद, आपले चांगले काम, ह्यांतील काहीही घेऊन देवापुढे उभे राहता येत नाही, हे त्यांना कळले. ज्या कृपेने फुलहॅमच्या स्त्रियांना उचलले, तीच पंडितेलाही लागत होती. आठ वर्षांपूर्वी ती त्यांनी दुसऱ्यांच्या ठायी पाहिली होती, आता स्वतःकरिता हात पसरून घेतली.

ह्याची किंमत लवकरच द्यावी लागली. सदनात धर्माची सक्ती नसे. पण बाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ साली हिंदू सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि वीस-पंचवीस मुली परत नेण्यात आल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. त्या दुष्काळात आसरा शोधणाऱ्या कित्येक बायका दुष्ट मनुष्यांच्या हाती लागून नासविल्या गेल्या होत्या. त्यांना लहान मुलींत ठेवणे बरे नव्हते, आणि परत घालविणे तर रमाबाईंना शक्यच नव्हते. म्हणून मुक्तिसदनापासून वेगळे असे एक घर त्यांनी ह्या बायकांकरिता बांधविले. १९२२ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस रमाबाई केडगावीच प्रभूमध्ये निजल्या, तोपर्यंत सहस्रावधी स्त्रिया ह्या अंगणातून गेल्या होत्या. फुलहॅमला पाहिलेले ते घर अशा रीतीने भीमेच्या खोऱ्यात आले, आणि त्याला त्यांनी नाव दिले ते कृपासदन.