मार्क ट्वेन : लेबल आणि चव

आमच्या वस्तीत पुस्तकाच्या आधी तंबाखूचा वास येतो. माझी आई बिड्या वळते. तेंदूचे पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे आणि दोरा बांधायचा. संध्याकाळी कारखान्यातला चेकर माल तपासतो. एखादी बिडी सैल असली किंवा पान फाटलेले असले की ती छाट म्हणून बाजूला पडते आणि तिची मजुरी बुडते. चेकर बिडी ओढून पाहत नाही, दोन बोटांत धरली की त्याला कळते. चांगले काय, वाईट काय, हे कोण आणि कशावरून ठरवतो, हा प्रश्न त्यामुळे मला लहानपणापासून ओळखीचा आहे. यंदा ग्रंथालयात मार्क ट्वेनविषयी वाचताना तोच प्रश्न सिगारच्या धुरातून पुन्हा समोर आला.

मार्क ट्वेनचे खरे नाव सॅम्युएल लॅंगहॉर्न क्लेमेन्स. त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात फ्लॉरिडा या खेड्यात झाला. मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी त्याचे बालपण गेले. १८४७ मध्ये वडील वारले आणि लवकरच त्याची शाळा सुटली. छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम त्याने पत्करले. अक्षरे तो वर्गात कमी आणि बोटांनीच जास्त शिकला. तंबाखूचे व्यसनही त्याला त्याच कोवळ्या वयात जडले.

पुढे १८५७ पासून तो आगबोटीवर उमेदवारी करू लागला आणि १८५९ मध्ये त्याला सुकाणू चालविण्याचा परवाना मिळाला. नदीचा पृष्ठभाग सारखाच दिसतो, पण खाली कुठे खडक आहे, कुठे वाळू सरकली आहे, हे सुकाण्याला ओळखावे लागते. खोली दोरीने मोजत. पाणी दोन वाव, म्हणजे बारा फूट भरले की बोट सुरक्षित. ते सांगणारी खलाशांची आरोळी म्हणजेच ‘मार्क ट्वेन’. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, नदीवरची वाहतूक थांबली आणि तो पश्चिमेला नेवाडात गेला. तेथे वृत्तपत्रात लिहिताना १८६३ मध्ये त्याने हेच नाव घेतले.

१८७० मध्ये ऑलिव्हिया लॅंग्डन हिच्याशी त्याचा विवाह झाला. हार्टफर्ड येथे त्याने मोठे घर बांधले. त्या घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बिलियर्डची खोली होती. तेथे सिगारच्या धुरात बसून तो लिहीत असे. ‘टॉम सॉयर’ १८७६ मध्ये आले. ‘हकलबरी फिन’ १८८४ मध्ये इंग्लंडात आणि १८८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. दिवसाला वीस-वीस सिगार ओढणारा हा माणूस स्वस्त आणि उग्र सिगारबद्दल मित्रांत बदनाम होता. त्याच्याकडे येणारे पाहुणे म्हणे जीव वाचवण्यासाठी आपले सिगार खिशात घालून येत!

उत्तम सिगार ओळखण्याचे शास्त्र आहे. आत भरण्याची पाने, त्यांना बांधून ठेवणारे पान आणि वरचे गुळगुळीत वेष्टन असे तिचे तीन भाग. क्यूबातील व्हुएल्टा अबाहो भागातील तंबाखूची कीर्ती जगभर आहे. जाणकार आधी वेष्टनाचा रंग आणि तकाकी पाहतो, बोटांनी हलकेच दाबून कुठे पोकळ किंवा कडक तर नाही ना ते बघतो, न पेटवताच वास घेतो. पेटवल्यावर धूर सहज ओढला जातो का, जळण चहूबाजूंनी सारखे होते का, राख घट्ट टिकते का, हे पाहतो. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवून चव घेतात.

मार्क ट्वेनला मात्र या जाणकारीची शंका होती. तंबाखूवर त्याने एक छोटा निबंध लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर १९१७ मध्ये पुस्तकात आला. त्यात त्याने आपलाच एक किस्सा सांगितला आहे. जेवायला बोलावलेल्या मित्रांपैकी एक जण महागड्या सिगारबद्दल प्रसिद्ध होता. ट्वेनने त्याच्याच घरून चाळीस सेंटला एक अशा सिगार गुपचूप उचलल्या, त्यांची तांबडी-सोनेरी लेबले काढली आणि त्या आपल्या बदनाम सिगारच्या खोक्यात ठेवल्या. जेवणानंतर खोका फिरला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. चार झुरके कसेबसे ओढून पाहुणे सबबी सांगत पसार झाले. सकाळी दारापासून फाटकापर्यंत त्या सिगार टाकलेल्या होत्या. एकच ताटात पडली होती, आणि ती होती सिगारच्या मूळ मालकाची! स्वतःचा माल त्यालाही ओळखता आला नाही. विनोदी लेखकाने थोडे तिखटमीठ लावले असेलही, पण माणूस चवीच्या नावाखाली लेबलच चाखतो, हे त्याचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही.

याच धुराची दुसरी बाजूही त्याने जवळून पाहिली. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रॅंट हे सिगारचे मोठे शौकीन. त्यांना घशाचा कर्करोग झाला. आर्थिक दिवाळे निघालेले. अशा स्थितीत कुटुंबासाठी त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या आणि ट्वेनच्या संस्थेने त्या छापायचे ठरवले. लेखन पूर्ण होताच काही दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, ग्रॅंट वारले. त्यांच्या पत्नीला पहिलाच धनादेश दोन लाख डॉलरचा मिळाला. ट्वेनची सिगार मात्र सुटली नाही. मोठ्या माणसाचे सगळेच अनुकरणीय नसते, हेही चरित्रातून शिकायचे असते.

पुढे खिळे जुळवणाऱ्या यंत्रात त्याचा पैसा बुडाला आणि १८९४ मध्ये प्रकाशन संस्थाही बुडाली. कायद्याने त्याला सगळे कर्ज फेडण्याची सक्ती नव्हती, तरी पै न् पै फेडण्याचे त्याने ठरवले. साठीच्या उंबरठ्यावर तो जगभर व्याख्यानांना निघाला. जानेवारी १८९६ मध्ये तो आपल्या मुंबईलाही येऊन गेला. येथल्या आगाऊ कावळ्यांचे त्याने मोठे गमतीदार वर्णन केले आहे. त्याच वर्षी त्याची लाडकी मुलगी सुझी वारली. तरीही १८९८ पर्यंत त्याने सारे देणे फेडले. १९०७ मध्ये ऑक्सफर्डने या अर्धवट शिकलेल्या माणसाला डॉक्टरेट दिली. २१ एप्रिल १९१० रोजी त्याने जगाचा निरोप घेतला.

हे लिहिताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पहिल्या वर्षी एका मैत्रिणीने आई काय करते असे विचारले, तेव्हा ती घरीच असते, एवढेच मी सांगितले होते. मीही लेबल बदलले होते. परवा सिगारचा हा किस्सा मी आईला सांगितला. ती हसली नाही. सूप मांडीवर घेऊन बसलेली, हात चालू. त्या सिगार नीट वळलेल्या होत्या का, एवढेच तिने विचारले. चाळीस सेंटच्या होत्या म्हणजे असणार, असे मी म्हणाले. मग वळणाऱ्याचे काही चुकले नाही, असे म्हणून तिने पुढचे पान उचलले.

त्या मैत्रिणीला मी आता घरी बोलावले आहे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा