अंड्यांसाठीही, ताटासाठीही : विल्यम कुक यांची ऑर्पिंग्टन

अंडी आणि मांस अशा दुहेरी उद्देशाने कोंबडीपालन सुरू करणाऱ्यांना गिरिराज, वनराज या नावांबरोबरच ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प हे नावही परिचित आहे. ऑस्ट्रेलियाचे नाव मिरविणाऱ्या या कोंबडीचे मूळ मात्र इंग्लंडमध्ये, तेव्हा केंट परगण्यात असलेल्या ऑर्पिंग्टन या गावी आहे. तिचे पूर्वज तेथे घडविणारे विल्यम कुक हे ना शास्त्रज्ञ होते, ना जमीनदार. घोडागाडी हाकणे हा त्यांचा मूळचा पेशा होता.

कुक यांचा जन्म १८४९ मध्ये सेंट निऑट्स येथे झाला. तरुणपणीच त्यांना कोंबड्यांचा नाद लागला. इंग्लंडमध्ये तेव्हा कोंबड्यांच्या प्रदर्शनांचे पेव फुटले होते. १८४० च्या दशकात चीनमधून आलेल्या भारदस्त कोचीन कोंबड्यांनी श्रीमंतांना भुरळ घातली होती. पिसांची ठेवण, तुऱ्याचा आकार आणि रंगाची झळाळी यांवर बक्षिसे ठरत असत. सामान्य कुटुंबाची गरज मात्र वेगळी होती. त्याला बाराही महिने अंडी हवी होती आणि सणावाराला ताटात मांस हवे होते.

यात अडचण अशी होती, की भरपूर अंडी देणाऱ्या जाती अंगाने हलक्या असत, तर मांसल जाती अंडी कमी देत. शिवाय उबविलेल्या पिलांत साधारण निम्मे नर निघतात. हलक्या जातीचे नर पोसणे परवडत नाही; अंगाने भरणारे नर मात्र खाण्यासाठी विकता येतात आणि माद्या अंड्यांसाठी राखता येतात. दुहेरी उद्देशाच्या कळपाचे सारे अर्थकारण या साध्या हिशेबावर उभे असते. कुक यांनी तो नेमका ओळखला.

ऑर्पिंग्टनला स्थायिक झाल्यावर त्यांनी तीन जातींचा संकर केला. मिनॉर्का ही अंड्यांसाठी नावाजलेली, प्लायमाउथ रॉक अंगापिंडाने भरलेली, तर लँगशान मांसल आणि हिवाळ्यातही अंडी देणारी. या संकरातून १८८६ मध्ये काळी ऑर्पिंग्टन लोकांपुढे आली. लंडनच्या कोळशाच्या धुराने आणि काजळीने पिसे मळली तरी दिसू नयेत, म्हणून काळा रंग निवडला गेला, असे सांगितले जाते. इंग्रज ग्राहकाला पांढऱ्या कातडीचे मांस आवडे. ती पसंतीही या जातीने पुरी केली.

पुढे १८८९ मध्ये पांढरी आणि १८९४ मध्ये पिवळसर तांबूस रंगाची बफ ऑर्पिंग्टन आली. बफच्या वेळी वादाला तोंड फुटले. ही नवी जात नसून लिंकनशायर भागातील जुनीच कोंबडी आहे, असा आरोप झाला. हॅम्बर्ग, डॉर्किंग आणि कोचीन यांच्या संकरातून ती घडविल्याचा दावा कुक यांनी सोडला नाही. वाद मिटला नाही, पण बफचा खप वाढतच गेला. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षे झाली, तेव्हा त्यांनी ज्युबिली ऑर्पिंग्टन सादर केली.

कुक हे धंद्यातही तरबेज होते. कोंबडीपालन फायद्यात कसे करावे, यावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि नियतकालिकही चालविले. कुक कुटुंबाच्या व्यवसायाची शाखा अमेरिकेतील न्यू जर्सीपर्यंत पोहोचली. १९०४ मध्ये कुक यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच ऑर्पिंग्टनची वाट बदलू लागली होती. जोसेफ पार्टिंग्टन यांनी १८९१ मध्ये प्रदर्शनात आणलेल्या काळ्या ऑर्पिंग्टन आकाराने मोठ्या आणि पिसांनी फुललेल्या होत्या. त्या डोळ्यांत भरल्या आणि पैदासकारांनी त्यांचेच अनुकरण केले. निवड पिसांवर होऊ लागली, तशी अंडी घटली. कुक यांनी ज्या प्रदर्शनी हौसेला पर्याय दिला, तीच हौस त्यांच्या कोंबडीला गिळू लागली.

मूळ हेतू टिकला तो सातासमुद्रापार. ऑस्ट्रेलियात गेलेल्या काळ्या ऑर्पिंग्टनची पैदास तेथील पालकांनी अंड्यांची मोजदाद ठेवून केली. १९२२-२३ मधील स्पर्धेत सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली, म्हणजे सरासरी प्रत्येकी ३०९ हून अधिक. हीच ऑस्ट्रेलॉर्प. भारतातही परसातील कोंबडीपालनासाठी तिचा वापर झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारी कुक्कुटपालनाने अंड्यांची आणि मांसाची कोंबडी पुन्हा वेगळी केली. मोठ्या शेडमध्ये ते परवडते. दहा-वीस पक्ष्यांचा कळप पाळणाऱ्या घराचा हिशेब मात्र अजूनही कुक यांनी मांडला तसाच आहे. असा कळप सुरू करणाऱ्याने पक्ष्याचा डौल पाहून भुलू नये. त्याच्या आईने वर्षाला किती अंडी दिली आणि बापाचे वजन किती भरले, हे आधी विचारावे. ऑर्पिंग्टनच्या इतिहासाने हा धडा दोनदा दिला आहे.