साने गुरुजी आणि आंतरभारती

‘श्यामची आई’चे लेखक म्हणून साने गुरुजी आपल्या परिचयाचे आहेत. त्या ग्रंथाच्या लोकप्रियतेमुळे त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू मात्र काहीशी झाकली गेली. तरुणांना घडवणे आणि दुभंगलेल्या समाजाला जोडणे ही दोन कार्ये त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत. पुढील चरित्र वाचताना हे सूत्र ध्यानात ठेवावे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. दारिद्र्याशी झुंजत शिक्षण पूर्ण करून १९२४ मध्ये ते अमळनेर येथे शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांना त्यांनी उपदेशापेक्षा सेवेतून शिकवले. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. १९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले.

या चळवळीत त्यांना काही काळ त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे दक्षिणेतील निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही त्यांचे सहबंदी होते. ज्यांच्यासोबत आपण कारावास भोगतो, त्यांची भाषा आपल्याला येत नाही, ही उणीव गुरुजींना बोचली. ते तमिळ शिकू लागले आणि पुढे त्यांनी तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरल’ मराठीत आणला. आंतरभारतीच्या कल्पनेचे बीज या अनुभवात आहे.

भाषेप्रमाणेच जातीची भिंतही त्यांना अस्वस्थ करी. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभले. दहा दिवसांनी मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. राष्ट्र सेवा दलातील असंख्य तरुणांना समतेची प्रेरणा त्यांच्यापासूनच मिळाली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

१९४९ मध्ये पुणे येथील साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. ‘भारती’ या शब्दाचा एक अर्थ वाणी असा आहे, हे येथे लक्षात घ्या. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीचा आदर्श त्यांच्यापुढे होता. विविध प्रांतांतील तरुणांनी एकत्र राहावे, परस्परांच्या भाषा व कला शिकाव्यात आणि त्यातून पूर्वग्रह गळून पडावेत, अशी ही योजना होती. शेजाऱ्याची भाषा शिकताना माणूस काही काळ स्वतः अडखळणारा होतो, त्याच्याकडून दुरुस्ती स्वीकारतो; अहंकार ओसरण्याची सुरुवात तेथेच होते.

ही योजना प्रत्यक्षात आलेली पाहणे गुरुजींच्या वाट्याला आले नाही. भोवतालच्या परिस्थितीने व्यथित झालेल्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा स्वतःहून संपवली. इतरांना आशा देणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दुःख हलके करणे कोणालाच साधले नाही, हे सत्य चरित्राच्या अभ्यासकाने टाळू नये. त्यांच्या पश्चात सहकाऱ्यांनी आंतरभारतीचे कार्य पुढे नेले.

विचार करा : आपल्या गावात, वस्तीत वा कामाच्या ठिकाणी मराठीखेरीज कोणत्या भाषा बोलल्या जातात? त्यांपैकी एकीतील साधे कुशल विचारणे तरी आपल्याला येते का? गुरुजींच्या कार्याचे मूल्यमापन लिहिण्यापूर्वी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर स्वतःशी द्यावे.