दोन नोबेल आणि अठरा ग्रॅम व्हिटॅमिन सी

१९४१ मध्ये लायनस पॉलिंग चाळीस वर्षांचे होते. चेहऱ्यावर आणि अंगावर सूज आली, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. निदान झाले मूत्रपिंडाच्या ब्राइट्स डिसीजचे. त्यावर तेव्हा औषध नव्हते. स्टॅनफर्डच्या डॉ. थॉमस ॲडिस यांनी पथ्य घातले: मीठ बंद, प्रथिने बेताची, पाणी भरपूर. पत्नी एव्हा हेलन यांनी वर्षानुवर्षे घास मोजून ते सांभाळले आणि पॉलिंग बरे झाले. आहाराने माणूस मरणाच्या दारातून परत येतो, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर पाहिले होते. त्यांच्या पुढच्या हट्टाकडे पाहताना हे विसरून चालत नाही.

पोर्टलंडच्या एका औषधविक्रेत्याचा हा मुलगा. वडील गेले तेव्हा नऊ वर्षांचा होता. अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, याचे गणित त्याने मांडले. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे १९४९ मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेने दाखवले. गडचिरोली-नंदुरबारच्या रुग्णांच्या रक्ताची आज जी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी होते, तिचे मूळ त्या कामात आहे. १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल आणि अणुचाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी १९६२ चे शांततेचे नोबेल, अशी दोन नोबेल कोणाशीही वाटून न घेता मिळालेली ही आजवरची एकमेव व्यक्ती.

१९६६ मध्ये आयर्विन स्टोन या रसायनतज्ज्ञाचे पत्र आले. रोज तीन ग्रॅम व्हिटॅमिन सी घ्या, असा त्यात सल्ला होता. शरीराची रोजची गरज शंभर मिलीग्रॅमच्या आसपास, म्हणजे हे तीसपट झाले. पॉलिंग यांनी ते सुरू केले, सर्दी कमी झाल्यासारखे वाटले आणि १९७० मध्ये त्यावर पुस्तकच आले. मग कर्करोगाचा दावा झाला. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. फायदा दिसला नाही. पहिल्या चाचणीतल्या बहुतेक रुग्णांनी आधी केमोथेरपी घेतली होती, हा पॉलिंग यांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. म्हणून तर दुसरी चाचणी झाली. पण दुसरीचा निकालही त्यांनी मानला नाही. याच काळात, १९८१ मध्ये, एव्हा हेलन पोटाच्या कर्करोगाने गेल्या. त्याही व्हिटॅमिन सी घेत होत्या.

तोवर एड्स आला होता. तरुण माणसे मरत होती आणि डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. १९९० मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंध लिहिला: प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये व्हिटॅमिन सी टाकले, की एचआयव्हीची वाढ दबते. प्रयोग खरा होता. अडचण पेशींपासून माणसापर्यंतच्या अंतराची होती. तोंडाने कितीही व्हिटॅमिन सी घेतले तरी आतडे थोडेच शोषते आणि जादा झालेले मूत्रपिंड बाहेर टाकते. रक्तातली ही मर्यादा १९९६ मध्ये नेमकी मोजली गेली. त्याच वर्षी तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि एड्सचे मृत्यू घटू लागले. पॉलिंग यांनी हे दोन्ही पाहिले नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी प्रोस्टेटच्या कर्करोगाने ते गेले होते.

त्यांच्यामागे दावा उरला. दक्षिण आफ्रिकेत, त्यांच्या संस्थेत काम केलेल्या एका डॉक्टराने गरीब वस्त्यांमध्ये एचआयव्हीवर व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि एआरटीची औषधे विषारी असल्याचा प्रचार केला. २००८ मध्ये केपटाऊनच्या न्यायालयाने त्या चाचण्या बेकायदा ठरवल्या.

व्हिटॅमिन निरुपयोगी असते, असे मात्र नाही. टांझानियात एआरटी मिळत नसलेल्या महिलांमध्ये बी, सी आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी आजार थोडा लांबला. पुढे तिथेच एआरटीसोबत मोठे डोस देऊन पाहिले, तर फायदा दिसेना आणि यकृताचे एन्झाइम वाढू लागले. चाचणी थांबवावी लागली. एआरटी घेणाऱ्याचे पोषण कमी पडत असेल तर ते भरून काढावेच, पण गोळीची बाटली डॉक्टरांना दाखवून. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी डोल्युटेग्राविरसोबत घेतल्या, तर ते औषध अंगी लागत नाही. ते या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. एकत्र घ्यायचेच तर जेवणासोबत.

पॉलिंग अखेरच्या काळात रोज अठरा ग्रॅम व्हिटॅमिन सी घेत. त्यांच्या नावाची संस्था आता ते शिकले त्या ओरेगॉनच्या विद्यापीठात आहे. प्रौढांनी रोज चारशे मिलीग्रॅम घ्यावे, असे ती सांगते.